तासाभराची सून

पप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एकच गंभीर प्रश्न चर्चेला होता : माणसांचे पाय कुठून आणायचे?

प्रश्न ऐकायला भयंकर वाटतो, पण त्यात पोलिसांनी लक्ष घालावं असं काही नव्हतं. मी मालिश-उपचाराच्या वर्गाला जात होते. कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी कंत्राटी जागा संपली होती, आणि चाळिशीला टेकलेल्या, लग्न न झालेल्या, भरपूर वाचलेल्या बाईनं पुढं काय करावं याची नारायणगावात प्रत्येकाकडे एक तयार योजना होती. त्यातली एकही मला पसंत पडली नाही, म्हणून ही मी स्वतःची काढली. पुस्तकी भाग संपत आला होता. पोटरीतल्या स्नायूंची नावं मी झोपेत सांगू शकत होते. आता क्लिनिक सुरू होणार होतं, म्हणजे हर्षाली मॅडमच्या देखरेखीखाली जिवंत माणसांवर हात चालवायचे. तोवर घरी मी लोडावर सराव करत होते. लोडाला बराच आराम पडला होता.

संध्याकाळी पप्पा दुकानातून आले. आमचं दुकान सुतळी, ताडपत्री आणि टोमॅटोच्या क्रेटचं. हंगाम जोरात होता, त्यामुळे ते दिवसभर काउंटरमागं उभे होते. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून ते खुर्चीत बसले आणि एका पायानं दुसरा पाय चोळू लागले.

"पप्पा, पाय द्या जरा इकडं," मी म्हणाले.

खोलीत उंदीर शिरल्यासारखे त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? लेकीनं बापाच्या पायाला हात लावला की बापाचं साठवलेलं पुण्य खर्च होतं."

आमच्या मारवाडी घरांत लेकीला 'बाई' म्हणतात. लेक घरातल्या मोठ्यांच्या पाया पडत नाही आणि मोठी माणसं लेकीकडून सेवा घेत नाहीत. राजस्थानातून आमचे पणजोबा फार काही घेऊन आले नव्हते, पण हा नियम नीट बांधून आणला होता.

"मी पाया कुठं पडतेय? दाबतेय."

"हात तोच ना?"

स्वयंपाकघरातून मम्मी म्हणाली, "सून असती तर दाबले असते." मी त्यांची एकुलती एक. मुलगाच नाही तिथं सून कुठून असणार, पण मम्मी हे वाक्य अधूनमधून हवेत सोडायची.

पप्पांना माझी दया आली असावी. "मान दाब पाहिजे तर."

"मानेचा धडा अजून आला नाही. आमचा अभ्यासक्रम तळपायापासून सुरू होऊन वर चढत जातो."

"मग घाई नाही. मानेपर्यंत पोचलीस की सांग," ते म्हणाले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि पप्पा खाली बसले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही त्रास झाला नाही. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, हे मी वाचलेलं आहे.

मानेचा धडा पुढच्या महिन्यात आला. त्यात मी वर्गात पहिली आले.

घरी लोक भेटायला येत, रडत. मी खुर्च्या मांडत असे. खुर्च्या मांडण्याचं काम मी इतकं मन लावून केलं की शेजारणींनी आधी माझं कौतुक केलं, मग त्यांना शंका यायला लागली. "रीना रडली नाही गं अजून," हे वाक्य मी पाणी द्यायला आत-बाहेर करताना तीन निरनिराळ्या सुरांत ऐकलं. मम्मी दुखवट्यातून उठली ती थेट दुकानात जाऊन काउंटरमागं उभी राहिली. तिचे पाय सुजायला लागले, स्वतःच्या चपला घट्ट होऊ लागल्या, म्हणून ती पप्पांच्या घालू लागली. आम्ही दोघी याविषयी काही बोललो नाही. आमच्या घरात कुणाला कुठं दुखतं हे विचारण्याची पद्धत नव्हती. ज्याला दुखतं तो बाम शोधतो, आणि बाम कुठं आहे एवढंच विचारतो.

अशा परिस्थितीत क्लिनिक सुरू झालं.

क्लिनिकसाठी जागा मिळाली ती वारूळवाडीच्या एका मंगल कार्यालयात. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी एक खोली वापरायची असा करार होता. खोलीच्या दारावर पितळी अक्षरांत 'वधूपक्ष' असं लिहिलेलं. समोर व्हरांड्यापलीकडं तशीच दुसरी खोली, 'वरपक्ष', कुलूपबंद. आमच्या खोलीत भिंतभर आरसा, फुलांच्या माळा अडकवायचे खिळे आणि मध्यभागी आमचं मालिशचं टेबल. या टेबलाला डोक्याच्या बाजूला भोक असतं. पालथं झोपलेल्या माणसानं त्यात तोंड घालायचं, म्हणजे मान वाकडी होत नाही. आमच्या पहिल्या आठवड्यात त्या भोकात लोकांनी कोपर घातलं, टोपी ठेवली, आणि एका आजोबांनी तंबाखूची पुडी सोडली व ती शोधायला उपचार अर्धवट टाकून टेबलाखाली गेले.

हर्षाली मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण नजर अशी की टॉवेलची घडीसुद्धा त्या आल्या की सरळ व्हायची. त्यांची शिस्त साधी होती. हात धुवा. बीपी, शुगर विचारा. जेवढा भाग दाबायचा तेवढाच उघडा ठेवा. अंगठ्यानं नाही, अंगाच्या भारानं दाबा. आणि बोला! आधी विचारा कुठं दुखतंय, मग उत्तर येईपर्यंत थांबा.

मी इथंच अडकायची. माझे हात बरे चालत, तोंड चालत नसे.

"रीनाताई," मॅडम म्हणायच्या, "टेबलावर माणूस आहे. तुम्ही ग्रंथालयात मालिश केल्यासारखं करताय."

परीक्षेचा नियम असा होता की प्रत्येक विद्यार्थिनीनं एका तरी वयस्कर माणसाच्या पायांचा पूर्ण उपचार मॅडमसमोर करून दाखवायचा, विचारपूस धरून. क्लिनिकच्या शेवटच्या दिवसापर्यंत झाला नाही तर पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांना हे सोपं गेलं. माझ्याबरोबरची सिद्धी तर वारूळवाडीचीच सून. तिच्यासमोर म्हाताऱ्या माणसांनी पायांची रांग लावली. मी मात्र नारायणगावची लेक. सुगनचंद शेठची बाई. पंचक्रोशीतल्या ज्या ज्या शेतकऱ्यानं आमच्याकडून कधी सुतळीचं बंडल नेलं होतं, तो मला लेक मानत होता, आणि लेकीपुढं पाय पसरायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता. खांदा देत, पाठ देत, एकानं न मागता पोटही दिलं. पाय नाही.

मला पास व्हायचं होतं हे खरं. पण त्याहून साधी गोष्ट अशी होती की मला एका म्हाताऱ्या, दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायाला हात लावायचा होता. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

शेवटी मी लोणीच्या सोपानमामांना फोन केला. सोपानमामा मम्मीचे राखीभाऊ. पप्पांकडून क्रेट नेता नेता कधी तरी नातं जोडलं गेलं आणि मग कोणत्याही सख्ख्या मामापेक्षा पक्कं झालं. हक्काचा माणूस. ते एसटी बदलत बदलत आले, टेबलावर चढले, झोपले. मी हात धुतले, टॉवेल गुडघ्यापर्यंत सारला आणि त्यांच्या टाचेला हात लावला.

सोपानमामा असे उठले की टेबलाचा एक पाय हवेत गेला. खाली उतरून त्यांनी टॉवेल कमरेला गुंडाळला आणि वाकून माझ्याच पायांना हात लावला.

"मामा! हे काय?"

"आगं, भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा व्हय? उलटं आसतंय ते. मामानं पडायचं भाचीच्या पाया. तू मला न्हाई सांगितलंस पायाचं! मी म्हनलं डोकं बिकं चोळती का काय."

"मामा, ही ट्रीटमेंट आहे," हर्षाली मॅडम म्हणाल्या.

"आसंल की मॅडम. पर शेटनी जल्मभर लेकीकडनं पाय चेपून घेतलं न्हाईत, आन मी घिऊ? वर गेल्यावर गाठ पडंल ना आमची."

मामांनी जाताना मला खाऊसाठी म्हणून हातात काहीतरी कोंबलं आणि चाळिशीच्या बाईची उरलीसुरली प्रतिष्ठा व्हरांड्यातून निघून गेली.

हे सगळं साळूबाई दारात बसून पाहत होत्या. साळूबाई शेजारच्याच मळ्यातल्या. गुडघे धरून रोज यायच्या, सिद्धीकडून पाय दाबून घ्यायच्या आणि मग मनोरंजनासाठी थांबायच्या.

"आगं ए रीनाबाय," त्या म्हणाल्या, "लेकीनं पाय चेपलं तर पाप. सुनंनं न्हाई चेपलं तर पाप. मंग येवडं सोपंय की! सून व्हय तासाभराची."

"कुणाची?"

"ज्याचं पाय आसतील त्याची."

मी हसले. सिद्धीही हसली. साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कुलूपबंद खोलीकडं बोट केलं. "हितं तू लेकच ऱ्हानार. ह्ये वधूपक्ष हाय. टेबल तिकडं न्हे, वरपक्षात. त्या खोलीत जी उभी ती सूनच."

मी भरपूर वाचलेली बाई आहे. समाजशास्त्राचीही बरीच पुस्तकं वाचली आहेत. इतका नेमका तोडगा त्यातल्या एकातही नव्हता. हर्षाली मॅडमनी क्षणभर कपाळाला हात लावला, मग विचारलं, "म्हणजे क्लायंटची संमती असेल ना?"

"संमती? रांग लागंल," साळूबाई म्हणाल्या.

आता कुलूप उघडायचं होतं. किल्ली कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडं, गोरखभाऊंकडं. गोरखभाऊंच्या टेबलावर काच, काचेखाली नियम आणि नियमांवर त्यांचं कोपर.

"वरपक्षाची खोली लग्नाबिगर उघडत नाय, ताई."

"आम्हाला फक्त एक टेबल ठेवायचंय."

"पत्रिका जोडा आन अर्ज द्या. कमिटीचा नियम हाये. मागं एकानं खोली नेली न् आत म्हशीची पेंड ठेवली."

"पण लग्नच नाहीये."

"मंग खोली पन नाय."

बराच वेळ आम्ही या वर्तुळात फिरलो. शेवटी गोरखभाऊंनाच माझी कणव आली. ते आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, पत्रिका जोडा. कुनाची बी जोडा. मला फायलीला पत्रिका लागती, नवरा-नवरी नाय लागत."

सिद्धीच्या घरी तिच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका होत्या. तिच्या सासूबाई त्यांच्यावर धान्य पाखडताना पडलेले खडे गोळा करत. त्यातली एक आम्ही जोडली. अर्ज मी लिहिला, सही माझी. शुद्ध मराठीत, कारणासह लिहिलेला तो अर्ज गोरखभाऊंनी न वाचता फायलीत घातला आणि किल्ली दिली.

वरपक्षात टेबल मांडलं आणि माझं दैव फिरलं.

साळूबाईंनी उद्घाटन केलं. त्या टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, "पदर कुटाय?" मी सलवार-कुर्त्यावर होते. "मंग त्यो टावेल घे डोक्यावर." "टॉवेल क्लायंटसाठी असतात!" मॅडम ओरडल्या. शेवटी सिद्धीची ओढणी आली. मी ती डोक्यावर घेतली, हात धुतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका म्हाताऱ्या टाचेला माझा हात लागला, आणि टाच जागच्या जागी राहिली.

पण नियमात बसणारा उपचार पूर्ण काही होईना, कारण मी बोलण्याआधीच त्या बोलत. 'कुठं दुखतंय' विचारायला तोंड उघडावं तर वरून हुकूम. एक म्हणे, "सूनबाई, आधी च्या टाक." दुसरी म्हणे, "आमची सून आसं न्हाई चेपत, ती म्हातारीला लवकर धाडायचं आसल्यावानी चेपती." तिसरीनं भोकातून तोंड बाहेर काढून मला आपादमस्तक पाहिलं. "नाक बरंय. वय किती म्हनायचं?" सिद्धीची सासूसुद्धा सिद्धीला सोडून माझ्या रांगेत आली. सिद्धी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "आत्या, घरी तर म्हणता माझ्याच हातानं झोप लागते!" "लागती की गं," भोकातून आवाज आला, "पर ही उलटून बोलत न्हाई."

माझ्या संयमाचं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मॅडमनी मात्र मान हलवली. "विचारपूस झाली नाही. धरता येणार नाही."

बातमी पसरली. वारूळवाडीत तासाभराची सून मिळते म्हणून मंचरपासून ओतूरपर्यंतच्या सासवा रिक्षा करून येऊ लागल्या. त्यांच्यामागून त्यांच्या खऱ्या सुना आल्या, आपल्याविषयी काय बोललं जातं ते ऐकायला. व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी शेंगा खाल्ल्या जाऊ लागल्या. ज्या बाईनं सासर नको म्हणून एवढी वर्षं काढली, तिला नवऱ्याशिवायच एका झटक्यात दोन तालुक्यांतल्या सासवा मिळाल्या. नशिबाला विनोद कळतो, फक्त तो थांबवावा कुठं हे त्याला कळत नाही.

क्लिनिकचा शेवटचा दिवस उजाडला. मी सकाळी पोचले तर कार्यालयाच्या फाटकाशी बरीच गर्दी. फाटकाजवळ एक काळा फळा आहे. त्यावर त्या दिवशीच्या लग्नातल्या नवरा-नवरीची नावं खडूनं लिहितात. फायलीत पत्रिका आणि अर्ज असल्यामुळे गोरखभाऊंनी कर्तव्यात कसूर केली नव्हती. पत्रिकेतलं लग्न जुनं, म्हणून त्यांनी तारीख अर्जातल्या शेवटच्या दिवसाची धरली होती आणि नाव अर्जावरच्या सहीचं. आदल्या संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, फळ्यावर लिहिलं गेलं होतं : शुभविवाह. चि. सौ. कां. रीना. आणि त्याच्यापुढं 'चि.' लिहून वराची जागा कोरी सोडली होती.

नारायणगावात कोरी जागा फार वेळ कोरी राहत नाही. कुणी त्यात पुण्याचा विधुर भरला होता, कुणी ग्रंथालयातला जुना शिपाई. वेळेबद्दल मात्र कुणालाच आश्चर्य नव्हतं. वडील गेले की लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत. "बरं केलं," एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, "वर्षाच्या आतच बरं. तीन वरसं थांबली आस्तीस तर..." तिनं वाक्य सोडलं. माझ्या वयाचा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेला.

वधूपक्षाच्या खोलीत आहेर साठू लागला. स्टीलचे डबे, ब्लाउजपीस, एक भिंतीवरचं घड्याळ. समोर वरपक्षात सासवांचे पाय दाबता दाबता मी प्रत्येकाला सांगत होते, लग्न नाहीये. "लाजती," लोक म्हणत होते. गोरखभाऊ मला बाजूला घेऊन विचारत होते, "ताई, आचारी कुनाचा सांगितलाय? कारन लोकं जेवायचं इचारतेत." हर्षाली मॅडम त्या गर्दीत ओरडत होत्या, "ज्यांना बीपी आहे त्यांनी हात वर करा!" सगळ्यांनी हात वर केले.

आणि मग सोपानमामा आले. डोक्यावर नवा फेटा, हातात लाल कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. आत चुनरी होती.

"मायरा हाय. तुमच्यात मामानं आनायचा आस्तो ना? शेटनीच सांगितलं व्हतं मला लई वर्सांमागं. म्हनले, सोपान, बाईच्या लग्नाचा मायरा तुझा. तवाच घिऊन ठिवला व्हता. आमच्या म्हातारीनं पेटीत जपला." मग इकडं तिकडं बघत त्यांनी विचारलं, "पावणं कुटायत?"

मी सांगितलं की पावणं नाहीत, लग्न नाही, फक्त पाय आहेत. सोपानमामांनी ते सगळं ऐकून घेतलं. "आसूं दे," ते म्हणाले, "मायरा काय परत न्हेत्यात व्हय?" आणि डोळे पुसायला फेट्याचं टोक पुरेना म्हणून त्यांनी शेजारी पडलेल्या क्लिनिकच्या टॉवेलाला हात घातला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मम्मी उतरली. पायात पप्पांच्या चपला, चेहऱ्यावर दुकान अर्ध्यावर टाकून आलेल्या माणसाचा संताप. लेकीचं लग्न तिला दूधवाल्याकडून कळलं होतं.

गर्दी दुभंगली. मम्मी फळ्यापाशी थांबली, वाचलं, आणि माझ्यासमोर आली.

"मुलगा कोण आहे?"

"मुलगा नाहीये, मम्मी."

"मग हे सगळे कुणाच्या लग्नाला आलेत?"

मी सगळं सांगितलं. लोड, मामांचे पाय, साळूबाईंचा तोडगा, गोरखभाऊंची फाइल. माझ्या डोक्यावर अजून सिद्धीची ओढणी होती. हातात चुनरी, कोपरापर्यंत तिळाचं तेल. मम्मी ऐकत होती. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि मला वाटलं, झालं, आता रडणार. पण ती हसायला लागली. भिंतीला धरून, पोट धरून, पप्पांची एक चप्पल पायातून सुटेपर्यंत हसली. पप्पा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. तिच्यामुळे साळूबाई हसल्या, सासवा हसल्या, सुना हसल्या, शेवटी काही न कळून गोरखभाऊही हसले.

मग मम्मीनं चप्पल पुन्हा पायात सरकवली. "टेबल कुठं आहे?"

मी वरपक्षाकडं बोट दाखवलं. ती दारापर्यंत गेली, वर पितळी अक्षरं वाचली आणि थांबली.

"इथं नाही. टेबल तिकडं न्या." तिनं समोर बोट केलं. वधूपक्ष.

साळूबाई पुढं आल्या. "आवो प्यारीबाय, तिकडं ती लेक व्हईल."

"लेकच आहे ती."

"आन पाप?"

"यांनी जन्मभर पुण्य सांभाळलं," मम्मी म्हणाली. "गेले ते पाय दुखतच गेले ना?"

सोपानमामा आणि गोरखभाऊंनी टेबल उचललं. आहेराचे डबे भिंतीला सारले, घड्याळ खिडकीत ठेवलं. मम्मी टेबलावर चढली, पालथी झोपली, भोकात तोंड घातलं. मॅडमनी दार लावून घेतलं. मी ओढणी काढून सिद्धीला दिली होती. हात धुतले. घोट्याखाली लोड सरकवला. टॉवेल पोटरीपर्यंत सारला.

मम्मीचे पाय मी कधी इतके जवळून पाहिले नव्हते. टाचा चिरलेल्या, घोटे सुजलेले. दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांवर एकेक फिकट वर्तुळ होतं, जिथून जोडवी काढली होती.

मी हात ठेवला. तिनं पाय ओढून घेतला नाही.

"रीनाताई," मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "बोला."

प्रश्न मला पाठ होता. वर्गात, क्लिनिकमध्ये, लोडासमोर म्हणून पाहिला होता. "मम्मी," मी म्हणाले, "कुठं दुखतंय?"

उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले. बाहेर सोपानमामा आणि गोरखभाऊंचं जेवणावरून जुंपलं होतं. "आचारी न्हाई म्हंजी? लग्नघर हाय का काय हाय ह्ये?" कुणीतरी दारावर थाप मारली, "ए सूनबाय, आमचा नंबर कवा?"

टेबलाखालून, फरशीवर आदळून आल्यासारखा मम्मीचा आवाज आला. "सगळीकडं." आणि मग, "तुला?"

मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : टेबलापाशी दुखणं क्लायंटचं, आपलं नाही. मी मॅडमकडं पाहिलं. त्या पाठ फिरवून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या, आधीच घडी घातलेल्या टॉवेलांच्या. माझे दोन्ही हात मम्मीच्या तळपायांवर होते, अंगाचा सगळा भार त्यांच्यावर, जसा शिकवला होता तसा.

"मला पप्पा पाहिजेत, मम्मी," मी म्हणाले.